मानेचा रिपोर्ट नॉर्मल, पण डोक्यातल्या धमन्यांचं काय?

मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी झाली, रिपोर्ट नॉर्मल आला, आता पक्षाघाताची काळजी नाही, असा समज आपल्याकडे बराच पसरला आहे. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये ही तपासणी हल्ली सर्रास असते, त्यामुळे तो समज आणखी घट्ट झाला. पण मानेची डॉपलर कवटीच्या आतलं काही दाखवत नाही. आणि आपल्यासारख्या आशियाई माणसांत धमन्या अरुंद होतात त्या बऱ्याचदा तिथेच, कवटीच्या आत. युरोपीय वंशाच्या गोऱ्या लोकांत मानेतल्या कॅरोटिड धमनीचा आजार जास्त दिसतो. चीन, जपान, कोरिया आणि भारत इथे मेंदूच्या आतल्या धमन्यांचा आजार हे पक्षाघाताचं फार मोठं कारण आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांच्या नोंदींतूनही हेच पुढे आलं होतं.

आजार आत असला तरी त्याची तयारी बाहेर, डोळ्यांसमोर चाललेली असते. ती कमरेच्या घेरात दिसते, रक्तदाबाच्या आकड्यात दिसते, उपाशीपोटी घेतलेल्या रक्ताच्या अहवालात दिसते. म्हणून हा लेख प्रामुख्याने चाळिशी ते साठी या टप्प्यातल्या वाचकांसाठी आहे. 'शुगर जरा बॉर्डरवर आहे, पण गोळी नाही अजून' असं जे समाधानाने सांगतात, त्यांनी तर तो जरूर वाचावा. घरात आईवडिलांच्या अंगावरून वारं गेलेलं असेल, तर लेखाचा शेवटचा भाग त्यांच्यासाठी आहे.

आधी त्या धमन्यांची ओळख करून घेऊ. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो आणि साठा जवळजवळ करत नाही. रक्त सतत येत राहिलं पाहिजे. ते चार वाटांनी येतं: मानेच्या पुढच्या बाजूच्या दोन कॅरोटिड धमन्या आणि मणक्यांलगत वर चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल धमन्या. मेंदूच्या तळाशी या चारही वाटा जोडून एक कडं तयार होतं. ऑक्सफर्डचे वैद्य थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला विलिसचं वर्तुळ म्हणतात. याच विलिस यांनी मधुमेहाच्या रुग्णांची लघवी गोड असते हेही युरोपात लिहून ठेवलं. आपल्याकडे चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत ते कितीतरी आधी आलं होतं. मेंदूचं कडं आणि गोड लघवी या दोन निरीक्षणांचा एकमेकांशी किती जवळचा संबंध आहे, हे कळायला मात्र पुढची तीनशे वर्षं गेली.

या कड्यातून निघणारी सर्वांत महत्त्वाची शाखा म्हणजे मधली मेंदू-धमनी. तिची रुंदी साधारण ३ मिलिमीटर. चेहरा, हात, पाय यांची हालचाल आणि, बहुतेकांच्या बाबतीत डाव्या बाजूला, बोलणं यांना तीच रक्त पुरवते. इतक्या लहान वाहिनीत एखाद मिलिमीटर जाडीचा थर साचला तरी फरक पडतो.

वय काय करतं

मेंदूच्या आतल्या धमन्यांची भिंत शरीरातल्या इतर धमन्यांसारखी नसते. तिचे मधले आणि बाहेरचे थर पातळ असतात, बाहेरचा लवचीक पडदा जवळजवळ नसतोच. तरीही तरुणपणी या धमन्या आश्चर्य वाटावं इतक्या स्वच्छ राहतात. हृदयाच्या धमन्यांच्या किंवा महाधमनीच्या भिंतीत चरबीचे थर विशी-तिशीत दिसू लागतात, मेंदूच्या धमन्यांत ते साधारण दोन दशकं उशिरा येतात. यामागचं एक कारण असं मानलं जातं की तरुण वयात या धमन्यांच्या भिंतीत ऑक्सिडीकरणाला आवर घालणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, जास्त कार्यक्षम असतात. वाढत्या वयाबरोबर हे संरक्षण ओसरतं आणि मग थर साचण्याचा वेग वाढतो.

साठीनंतर पक्षाघात का वाढतात याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं चयापचयात आहे. रक्तातली साखर, रक्तदाब, चरबी आणि पोटावरचा मेद हे चारही बिघडले असतील, तर धमन्यांना निसर्गाने दिलेली ती दोन दशकांची सवलत पूर्ण मिळत नाही. पन्नाशीच्या माणसाची मेंदूची धमनी सत्तरीच्या माणसासारखी दिसते ती यामुळे. वय आणि चयापचय यांची नुसती बेरीज होत नाही, एक दुसऱ्याचा वेग वाढवतं. त्यातून एक गोष्ट निघते आणि ती मला या लेखात सर्वांत महत्त्वाची वाटते: चयापचयाच्या बिघाडाचा वाटा ठळक दिसतो तो कमी वयात. सत्तरीत थोडाफार थर बहुतेकांच्या धमन्यांत असतो, तिथे वय स्वतःच मोठं कारण असतं. पंचेचाळिशीच्या माणसात तो सापडला, तर मागे साखर, दाब, चरबी, तंबाखू यांपैकी काहीतरी सापडण्याची शक्यता मोठी असते. म्हणजे ज्या वयात आपण 'अजून वय कुठे झालंय' म्हणतो, त्याच वयात प्रयत्नांचं फळ सर्वाधिक मिळतं.

टेप आणि पाच आकडे

चयापचयाच्या आरोग्यासाठी वैद्यकशास्त्राने पाच मोजमापं ठरवली आहेत. त्यांतली कोणतीही तीन बिघडलेली असली की 'मेटाबॉलिक सिंड्रोम' आहे असं म्हणतात. कमरेचा घेर भारतीय पुरुषात ९० सेंटिमीटर किंवा जास्त, स्त्रीमध्ये ८० किंवा जास्त. रक्तदाब १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर. आणि 'चांगलं' कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पुरुषात ४० पेक्षा कमी, स्त्रीमध्ये ५० पेक्षा कमी. दाबाची, साखरेची किंवा चरबीची गोळी चालू असेल, तर आकडा नॉर्मल दिसला तरी तो मुद्दा मोजायचा.

यांतला प्रत्येक आकडा एकेकटा पाहिला तर किरकोळ वाटतो. साखर १०८, दाब १३४, ट्रायग्लिसराइड १७०, पोट थोडं पुढे. चार वेगवेगळ्या ठिकाणी विचारलं तर चारही जण 'जरा सांभाळा' म्हणून सोडून देतील. एकत्र पाहिलं तर हा निदान झालेला आजार आहे. आपल्या अहवालांची फाईल काढून हे पाच आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहा. डॉक्टरांकडे जाताना तो कागद न्या. एवढ्या साध्या गोष्टीने संभाषणच बदलतं, कारण मग प्रश्न 'साखर किती' इथे न थांबता 'हे सगळं मिळून काय' इथवर जातो.

कमरेचा घेर मोजताना पँटच्या पट्ट्याचा नंबर ग्राह्य धरू नका. पट्टा पोटाखालून जातो, म्हणून वर्षानुवर्षं नंबर तोच राहतो आणि पोट वाढत जातं. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मधोमध, नुसत्या अंगावर टेप लावा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका आणि मग आकडा वाचा. शिंप्याकडची कापडी टेप पुरते.

'पण मी बारीक आहे' म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातलं एक संशोधन सांगायला हवं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःच्याच शरीरांची तुलना छापली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के होता आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांत केलेल्या अभ्यासातून हेही दिसलं की आपली बाळं वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात मेदाचं प्रमाण तुलनेने जास्त असतं. म्हणूनच भारतीयांसाठी वजनाच्या मर्यादा खाली आणल्या आहेत: २३ च्या वर जादा वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. वजनकाट्यावर समाधान मानू नये ते याच कारणासाठी.

यात आपण एकटे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे १०.१ कोटी आणि त्याच्या उंबरठ्यावरचे १३.६ कोटी लोक आहेत. राज्यांमध्ये मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. गोव्यातल्या वाचकांनी हा आकडा आपल्या घरातल्या चौघांकडे पाहून वाचावा.

धमनीत नेमकं काय होतं

पोटातला मेद निष्क्रिय पडून नसतो. तो यकृताकडे सतत मेदाम्लं पाठवतो. त्यामुळे यकृत ट्रायग्लिसराइड जास्त बनवतं, एचडीएल खाली येतं आणि 'वाईट' कोलेस्टेरॉलचे, म्हणजे एलडीएलचे, कण लहान व दाट होतात. असे कण धमनीच्या अस्तराखाली सहज शिरतात. इन्सुलिन असून नीट काम करत नाही, म्हणून धमनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं. वाढलेली साखर भिंतीतल्या प्रथिनांना चिकटून तिला ताठ करते. वाढलेला दाब, विशेषतः वळणांवर आणि फाट्यांवर, अस्तराला रोज इजा करतो. वरून रक्तातली गुठळी विरघळवण्याची शरीराची ताकद घटते. म्हणजे थरही साचतो आणि त्यावर गुठळी बसली तर ती जातही नाही.

कोरियातल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की मेटाबॉलिक सिंड्रोमचा संबंध मानेतल्या धमन्यांपेक्षा कवटीतल्या धमन्यांच्या आजाराशी अधिक आहे. चीनमधल्या तांगशान शहरात चाळिशीच्या पुढच्या, कधीही पक्षाघात न झालेल्या लोकांची तपासणी झाली तेव्हा सुमारे १३ टक्के लोकांत मेंदूची धमनी अरुंद आढळली. त्यांना कसलाही त्रास नव्हता.

त्रास नव्हता याचं एक कारण आडवाटा. मुख्य धमनी हळूहळू अरुंद झाली तर शेजारच्या धमन्यांच्या बारीक शाखा मेंदूच्या पृष्ठभागावरून रक्त वळवून आणतात. पाटात गाळ साचल्यावर शेतकरी शेजारच्या सरीतून पाणी फिरवून आणतो तसं. दोन माणसांच्या रिपोर्टात धमनी सारखीच ७० टक्के अरुंद असते, एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याचं अर्धं अंग लुळं पडतं. या फरकात आडवाटांचा वाटा मोठा असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पक्षाघात झालेल्या रुग्णांत या आडवाटा कोणाच्या कमकुवत असतात हे पाहिलं गेलं. उत्तरं तीन आली: वाढलेलं वय, मेटाबॉलिक सिंड्रोम आणि रक्तातलं वाढलेलं युरिक ॲसिड. म्हणजे चयापचयाचा बिघाड मुख्य वाटही अरुंद करतो आणि पर्यायी वाटही. मला ही माहिती या विषयातली सर्वांत गंभीर वाटते, आणि ती रुग्णांपर्यंत फारच कमी पोहोचते.

मग करायचं काय

आधी काय करू नये ते. काही त्रास नसताना, केवळ धास्तीपोटी मेंदूची अँजिओग्राफी करून घेऊ नका. त्रास नसलेल्या माणसात अरुंद धमनी सापडली तरी उपचार तेच आहेत जे पाच आकडे बिघडलेल्या कोणालाही द्यायचे असतात. आणि मनाने ॲस्पिरिन सुरू करू नका. ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नाही अशा वृद्धांवर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. रोजच्या ॲस्पिरिनने फायदा झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढले. पक्षाघात झालेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याला दिलेली ॲस्पिरिन त्याने स्वतःहून बंद करू नये, दात काढण्यासाठीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

चाळिशी-पन्नाशीत सर्वाधिक लक्ष रक्तदाबावर द्या. मेंदूच्या धमन्यांचा सर्वांत मोठा शत्रू तोच आहे आणि तोच सर्वांत सहज आटोक्यात येतो. घरी दंडावर बांधायचं यंत्र ठेवा, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसणं, हात हृदयाच्या पातळीवर, दोनदा मोजणं. घरचा आकडा वारंवार १३५/८५ च्या वर येत असेल तर तो वाढलेला दाब आहे, 'डॉक्टरांकडे गेल्यावरच वाढतो' हे कारण तिथे लागू होत नाही. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, खारी, चटणी सगळं आलं. भाजीत मीठ कमी करून जेवताना दोन पापड घेतले तर हिशेब जिथल्या तिथे.

खाण्याबद्दल सल्ले इतके मिळतात की माणूस गोंधळतो. माझं मत साधं आहे: आपल्या मराठी ताटात मुळात वाईट काही नव्हतं, प्रमाण बिघडलं. पोळी-भाताचा भाग वाढला, उसळ-आमटीचा वाटीभर झाला, कोशिंबीर चवीपुरती उरली. ते उलटं करा. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग एक ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, भात खायचाच तर शेवटी थोडा. मटकी, मूग, हरभरा, कुळीथ यांतलं काही रोज असावं. मांसाहारी असाल तर मासे उत्तम, पण तळून नव्हे, कालवणात. ट्रायग्लिसराइड वाढलं असेल तर तेलातुपाआधी साखर, मैदा आणि दारू यांच्याकडे बघा. दिवसाला चार-पाच कप साखरेचा चहा आणि सोबत बिस्किटं एवढं बंद केलं तरी तीन महिन्यांत अहवालात फरक दिसू शकतो. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाल्ला तर साखरेच्या दृष्टीने तो दिवस उपवासाचा ठरत नाही. भगर, राजगिरा, ताक, काकडी असा बेत करता येतो.

व्यायामाचं प्रमाण ठरलेलं आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने चालणं. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारं काही. खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठणं-बसणं, जिने चढणं, भिंतीला टेकून जोर. आपल्याकडे हा दुसरा भाग सगळे सोडून देतात, आणि रक्तातली साखर उचलण्याचं मोठं काम मांड्यांचे स्नायूच करतात. जेवणानंतर लगेच सोफ्यावर बसण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं शतपावली केली तर जेवणानंतरची साखर कमी चढते.

तंबाखूबद्दल सवलत नाही. सिगारेट, विडी, गुटखा आणि मशेरीसुद्धा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण दात घासण्याच्या निमित्ताने मशेरी लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू घेणाऱ्यांत मोजतच नाहीत. घरातल्या आजी, मावशी, काकू यांना थेट विचारा. आणि घोरता घोरता नवऱ्याचा श्वास मध्येच थांबतो असं बायको सांगत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. झोपेतला हा श्वासरोध दाब आणि साखर दोन्ही वाढवतो, त्याची तपासणी होते आणि उपचारही आहेत.

साठीनंतर औषधांचा भाग वाढतो, तो मनापासून स्वीकारा. 'आयुष्यभर गोळ्या' हे ओझं वाटतं हे खरं आहे, पण दाबाची गोळी मध्येच सोडून दिल्यावर येणारा पक्षाघात हे त्याहून किती मोठं ओझं आहे, ते ज्या घरात झालं आहे त्यांना विचारा. पंचाहत्तरीच्या पुढे मात्र सूर बदलायला हवा. तिथे साखर फार खाली आणण्याचा हट्ट धोक्याचा. तीन महिन्यांची सरासरी, एचबीएवनसी, मध्यमवयीन माणसात ७ च्या खाली ठेवतात. थकलेल्या, अनेक आजार असलेल्या वृद्धाला ८ पर्यंतही चालू शकतं, ते डॉक्टर ठरवतील. जेवण कमी झालं आणि गोळी तेवढीच राहिली की साखर एकदम उतरते, आणि अशा वेळी होणारी बडबड, अशक्तपणा, कधी एका बाजूचा लुळेपणा हुबेहूब पक्षाघातासारखा दिसतो. वृद्धांचा दाब बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजा. उठल्यावर फार उतरत असेल तर डॉक्टरांना कळवा.

रिपोर्टात 'स्टिनोसिस' लिहून आलं तर

पक्षाघाताचा छोटा-मोठा झटका येऊन गेला, एमआर अँजिओग्राफीत मेंदूची धमनी अरुंद (म्हणजेच 'स्टिनोसिस') दिसली, की घरातला पहिला प्रश्न असतो: 'हृदयासारखा स्टेंट टाकता येईल ना?' प्रश्न स्वाभाविक आहे, आणि उत्तर बऱ्याच जणांना पटत नाही. अमेरिकेत ७० ते ९९ टक्के अरुंद झालेल्या धमनीचे आणि नुकताच झटका येऊन गेलेले ४५१ रुग्ण दोन गटांत विभागले गेले. एका गटाला कडक औषधोपचार, दुसऱ्याला तेच औषधोपचार अधिक स्टेंट. २०११ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या तीस दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू स्टेंटच्या गटात १४.७ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात ५.८ टक्के. हा अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्याआधी १९८५ मध्ये टाळूवरची धमनी मेंदूच्या धमनीला जोडण्याच्या बायपास शस्त्रक्रियेचाही फायदा नसल्याचं ठरलं होतं, आणि २००५ मध्ये रक्त पातळ करणारं वॉरफरिन ॲस्पिरिनपेक्षा सरस नसून रक्तस्रावाने जास्त घातक ठरलं होतं. चीनमध्ये अलीकडे निवडक रुग्णांत फुग्याने धमनी हलकेच रुंद करण्याचे प्रयोग आशादायक ठरले आहेत. पण सर्वसाधारण रुग्णासाठी पहिला उपचार औषधांचाच आहे, आणि डॉक्टर 'स्टेंट नको' म्हणत असतील तर ते हात झटकत नाहीत, हे समजून घ्या.

कडक औषधोपचार म्हणजे काय? सुरुवातीचे काही आठवडे ते तीन महिने रक्त गोठू न देणारी दोन औषधं, पुढे एक. एलडीएल कोलेस्टेरॉल ७० च्या खाली, त्यासाठी पुरेशा डोसाचं स्टॅटिन. वरचा रक्तदाब १४० च्या खाली, आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर १३० च्या खाली. साखर आटोक्यात, तंबाखू बंद, आणि व्यायाम. त्याच अमेरिकी अभ्यासातल्या औषधांच्या गटाचं पुढे विश्लेषण झालं तेव्हा या सगळ्यांत चांगल्या परिणामाशी सर्वांत घट्ट संबंध आढळला तो नियमित व्यायामाचा. पक्षाघातातून उठलेल्या माणसाला 'आता आराम करा' म्हणून खाटेवर बसवून ठेवणाऱ्या प्रेमळ नातेवाइकांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

दोन शंका नेहमी येतात. पहिली, धमनी अरुंद असताना दाब कमी केला तर मेंदूला रक्त कमी नाही का पोहोचणार? झटका आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत डॉक्टर दाब घाईने उतरवत नाहीत, ते याच कारणासाठी. पण नंतर, दीर्घकाळात, ज्यांचा दाब वाढलेला राहिला त्यांनाच पुन्हा पक्षाघात जास्त झाले. दुसरी, कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, मग स्टॅटिन थांबवू का? नॉर्मल आलं ते स्टॅटिनमुळे. स्नायू दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा, औषध किंवा डोस बदलता येतो. साधी एमआर अँजिओग्राफी कधी कधी धमनी आहे त्यापेक्षा जास्त अरुंद दाखवते, त्यामुळे टक्केवारी वाचून रात्रभर जागू नका. सीटी अँजिओग्राफीने ती पडताळून पाहता येते. कॉन्ट्रास्टशिवाय केलेला डोक्याचा साधा सीटी स्कॅन अरुंद धमनी दाखवत नाही, म्हणून 'सीटी नॉर्मल' हा शब्द शेवटचा मानू नका.

वेळ आली तर

तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात किंवा पाय ढिला पडला, बोलणं अडखळलं किंवा समोरच्याचं बोलणं कळेनासं झालं, अचानक तोल गेला, एकाएकी दिसेनासं झालं, यांतलं एकही झालं तर घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ महत्त्वाची. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर झोपायला गेल्याची. मोठी धमनी बंद पडल्यावर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या धमनीतली गुठळी तारेने बाहेर काढण्याची प्रक्रिया निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येते, पण जितकी लवकर तितकी चांगली.

महाराष्ट्रात १०८ ला फोन करा. जवळच्या कुठल्याही रुग्णालयात नव्हे, जिथे सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन चोवीस तास मिळतं अशा जवळच्या रुग्णालयात न्या. ते कुठलं, हे आजच शोधून फोनमध्ये नंबर ठेवा, रात्री दोन वाजता शोधायला वेळ नसतो. रुग्ण मधुमेही असेल तर घरच्या यंत्रावर साखर बघा, त्यात अर्धं मिनिट जातं. तोंडातून पाणी, चहा, गोळी काही देऊ नका, गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. ॲस्पिरिन तर नकोच, कारण हा झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कोणालाही सांगता येत नाही. दाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. मालिश, झाडपाला, देवऋषी यात वेळ घालवू नका.

आणि पाच-दहा मिनिटांत हात पुन्हा उचलायला लागला, बोलणं परत आलं, तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. आपोआप उतरणाऱ्या या छोट्या झटक्यानंतर मोठ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. तो धोका मोजण्याच्या डॉक्टरांच्या तक्त्यात साठी ओलांडलेलं वय, १४०/९० च्या वरचा दाब आणि मधुमेह या तिन्हींना वेगवेगळे गुण आहेत. तिन्ही असलेल्या माणसाने सकाळपर्यंत वाट पाहू नये.